कीबोर्ड घ्यायचाय? आधी डेमो बंद करायला सांगा!

शेतीच्या पानावर बाजाच्या पेटीचं काय काम, असं काही वाचकांना वाटेल. पण हरिनाम सप्ताह, काकडा, गणपती, शाळेचं गॅदरिंग ही सगळी गावचीच कामं आहेत, आणि त्यांच्यासाठी निघणारी वर्गणी शेवटी शेतकऱ्याच्याच खिशातून निघते. कुणी दुधाच्या बिलातून देतो, कुणी सोयाबीनच्या पट्टीतून, तर कुणी मजुरीतून शंभराची नोट काढतो. असा पैसा बियाण्यात जावो की वाद्यात, तो नीट पारखूनच खर्च झाला पाहिजे.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या भजनी मंडळांत, बँजो पार्ट्यांत आणि शाळांत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड चांगलाच रुळला आहे. गावात त्याला कीबोर्ड कोणी म्हणत नाही. कंपनी कोणतीही असो, नाव एकच, ‘कॅसिओ’. वनस्पती तुपाला जसं सरसकट डालडा म्हणायचे, तसंच हे. खरं तर कॅसिओ ही कॅल्क्युलेटर आणि मनगटी घड्याळं बनवणारी जपानी कंपनी. तिनं आपला पहिला कीबोर्ड १९८० साली बाजारात आणला. आज यामाहा, रोलँड, कोर्ग अशा इतर कंपन्यांचे कीबोर्डही आपल्या भागात दिसतात. तबला, तंबोरा, पेटी असे आपल्याकडचे आवाज आणि ताल घातलेली खास भारतीय मॉडेलंही निघाली आहेत.

पण फिरतीवर असताना एक तक्रार कानावर येते. ‘साहेब, दुकानात वाजला तसा देवळात वाजत न्हाई.’ ही तक्रार मला ओळखीची वाटली. बियाण्याच्या बाबतीत हेच ऐकतो. ‘प्लॉटवर बघितलं तसं आमच्या रानात आलं न्हाई.’ दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ते समजून घेतलं, तर बरीच फसगत टळते.

प्रात्यक्षिक दोन तऱ्हेचं

कृषी पदविकेच्या अभ्यासक्रमात विस्तार शिक्षणाचा एक भाग असतो. त्यात प्रात्यक्षिकाचे दोन प्रकार शिकवतात. पहिलं पद्धत प्रात्यक्षिक. बीजप्रक्रिया कशी करायची, पंप कसा धरायचा, कलम कसं बांधायचं, हे करून दाखवायचं. ते तासाभरात संपतं. दुसरं परिणाम प्रात्यक्षिक. शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात, त्याच्याच हातानं, एका तुकड्यावर नवीन पद्धत आणि शेजारी नेहमीची पद्धत ठेवायची आणि पीक निघाल्यावर दोन्हीकडचं माल मोजून बघायचं. याला पूर्ण हंगाम लागतो. देशात १९६४-६५ साली राष्ट्रीय प्रात्यक्षिकं सुरू झाली, ती शेतकऱ्यांच्या रानावरच घेतली जात. संशोधन केंद्रावर पीक चांगलं येतंच. शेतकऱ्याच्या रानात ते कसं येतं, हे दाखवणं महत्त्वाचं होतं.

आता वाद्याच्या दुकानात काय होतं ते बघा. विक्रेता बटण दाबतो, वाद्य वाजतं. हे झालं पद्धत प्रात्यक्षिक. त्यात काही खोटं नसतं. पण गिऱ्हाईक ते परिणाम प्रात्यक्षिक समजून घरी येतं. जागा दुकानाची, वीज दुकानाची, स्पीकर दुकानाचा आणि बोटंही दुकानदाराचीच. आपलं त्यात काहीच नसतं. शेजारी तुलनेला आपली जुनी पेटीही नसते.

मिरजेच्या दुकानातली दुपार

आमच्या भागातल्या एका भजनी मंडळानं कीबोर्डासाठी चोवीस हजार रुपये वर्गणी जमवली. मंडळातले दोघे आमच्या शेतकरी गटात आहेत. त्यांनी मलाही बरोबर घेतलं. बुवा, पखवाज वाजवणारे आबा, पेटीवाले तात्या आणि बारावी झालेला एक पोरगा असे आम्ही मिरजेला गेलो. मिरज म्हणजे सतारीचं आणि तंबोऱ्याचं गाव. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसंच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्यालाही २०२४ साली मिळालं. तिथं वाद्यं विकणारी आणि दुरुस्त करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

बोलण्यातून असं ठरलेलं दिसलं, की कीबोर्ड आला की जुनी पेटी देवळाच्या माळ्यावर ठेवायची. तिचे दोन सूर अडकत होते आणि भात्यातून हवा जात होती. तात्यांचं वय सत्तरीच्या पुढं. पोरगा मोबाइलवर बघून कीबोर्डावरची चार गाणी शिकलेला. म्हणजे पेटीबरोबर तात्याही माळ्यावर जाणार होते. हे कुणी तोंडानं बोललं नव्हतं, पण गाडीत तात्या खिडकीबाहेरच बघत बसले होते.

दुकानात विक्रेता तरुण होता, बोलायला गोड आणि हाताला तयार. त्यानं बावीस हजारांचा कीबोर्ड टेबलावर मांडला, वायर मोठ्या स्पीकरला जोडली आणि डेमोचं बटण दाबलं. व्हायोलिनचा ताफा, बासरी, ढोलक, मध्येच शहनाई असं सगळं एकदम सुरू झालं. मग त्यानं स्वतः एक सिनेमातलं गाणं वाजवलं. डाव्या हाताची तीन बोटं टेकवली की मागं सगळा वाद्यवृंद चालू, उजव्या हातानं फक्त चाल. बुवांचा हात पैशाच्या पिशवीकडं गेलाच.

मी म्हटलं, “जरा थांबा. डेमो बंद करा, स्पीकरची वायर काढा आणि आमच्या तात्यांना बसू द्या.”

विक्रेत्यानं जराही नाराजी दाखवली नाही. खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाला, “बसा आजोबा. आवाज कुठला लावू? पेटीचा लावतो.”

तात्यांनी काळी एक धरून अभंगाची चाल काढली. उजवा हात बरोबर चालला. पण डावा हात सारखा मागं जात होता, भाता शोधत. तात्या हसून म्हणाले, “ह्या हाताचं काय करू? ह्यो रिकामाच राह्यलाय की.”

मग बुवांनी हलक्या आवाजात अभंग धरला. विक्रेत्यानं भजनी ठेका लावला. पहिली दोन कडवी छान गेली. तिसऱ्याला बुवांनी सवयीप्रमाणं लय वाढवली. यंत्र आहे त्याच चालीनं चाललेलं! आबा मांडीवर ठेका धरून बसले होते. ते बुवांबरोबर पुढं गेले आणि यंत्र मागं राहिलं. आबा म्हणाले, “ह्येला डोळं न्हाईत. गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतंय.”

विक्रेत्यानं टेम्पोचं बटण दाखवलं. लय त्यानं वाढते, हे खरं. पण वाजवणाऱ्याचा एक हात त्या बटणावर अडकतो.

त्यानंतर तो विक्रेता जे बोलला ते मला आवडलं. “साहेब, मी रोज हीच चार गाणी वाजवतो म्हणून ती बरी वाजतात. तुम्हाला भजनालाच पाहिजे असेल, तर यातले निम्मे आवाज तुम्ही कधीच लावणार नाही. खालचं मॉडेल बघा. पेटी आणि तंबोऱ्याचा आवाज त्यातही आहे. आणि आजोबांची पेटी दुरुस्त होत असेल, तर ती टाकू नका.”

शेवटी मंडळानं तेरा हजारांचा कीबोर्ड घेतला. उरलेल्या पैशातून स्टँड, पिशवी, जादा अॅडॅप्टर आणि सेल घेतले आणि पेटी सूर लावायला आणि भाता बदलायला मिरजेतच टाकली. तरी थोडे पैसे शिल्लक राहिले, ते मंडळाच्या खात्यावर गेले.

पेटी आणि कीबोर्ड यांत फरक काय?

पेटीही आपल्याकडं बाहेरूनच आली, हे पुष्कळांना माहीत नसतं. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यानं १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायानं भाता मारायची पेटी होती. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली हातानं भाता मारायची पेटी तयार केली. आपल्याकडं मांडी घालून बसायची रीत, म्हणून ती पेटी लगेच रुजली. तरीही तिच्यावर आक्षेप होताच. पेटीचे सूर ठरलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, मींड निघत नाही. याच कारणानं आकाशवाणीनं १९४० साली पेटी बंद केली. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. थोडक्यात, आज ज्या पेटीला आपण अस्सल म्हणतो, तीही एके काळी नवीन वाणच होती. त्यामुळं नवीन आलं म्हणून नाकारायचं कारण नाही, आणि नवीन आहे म्हणून डोळे झाकून घ्यायचंही नाही.

पेटीत हवा पितळी पट्टीवरून जाते, पट्टी थरथरते आणि सूर निघतो. भाता जोरात मारला की आवाज वाढतो, सैल सोडला की उतरतो. गाणाऱ्याच्या दमाबरोबर पेटीचाही दम चालतो. कीबोर्डात हवा नाही. खऱ्या वाद्यांचे आवाज नोंदवून ते यंत्राच्या स्मरणात ठेवलेले असतात. आपण पट्टी दाबली की त्या सुराचा साठवलेला आवाज बाहेर येतो. एकाच यंत्रातून बासरीही निघते आणि सतारही, ती यामुळं. काही मॉडेलांत पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा, हळू दाबली की लहान, अशी सोय असते. स्वस्त मॉडेलांत ती नसते. तिथं कितीही हलक्या हातानं वाजवा, आवाज एकसारखाच. काही मॉडेलांना डाव्या बाजूला एक चाक असतं. ते फिरवलं की सूर वर-खाली घसरतो आणि मींडेसारखा परिणाम मिळतो. पेटीला न जमणारी ही गोष्ट कीबोर्डाला जमते. पण चाक फिरवायचा सराव पाहिजे.

सर्वसाधारण कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा असतो, ३६ पांढऱ्या आणि २५ काळ्या, म्हणजे पाच सप्तकं. लहान मुलांसाठी बारीक पट्ट्यांचे कीबोर्ड मिळतात. मोठ्या माणसाची बोटं त्यावर बसत नाहीत. शाळेसाठी घेतानाही नेहमीच्या मापाच्या पट्ट्यांचाच घ्यावा, नाहीतर मुलाला पुढं पेटीवर बसताना हात नव्यानं बसवावा लागतो.

देवळात नडणाऱ्या गोष्टी

दुकानात कधीच न दिसणाऱ्या आणि देवळात हमखास नडणाऱ्या काही गोष्टी असतात. त्या एकात एक गुंतलेल्या आहेत, म्हणून नीट लक्षात घ्या.

पहिली, सूर बदलायचं बटण, म्हणजे ट्रान्सपोज. नवीन पोरं बहुतेक पांढरी एक धरूनच वाजवायला शिकतात. बुवा गातात काळी एकमध्ये. मग पोरगा बटण दाबून यंत्राचा सूर एकानं वर नेतो आणि स्वतः पांढरी एकच वाजवतो. सोय मोठी आहे. पण बहुतेक साध्या कीबोर्डांत वीज गेली की हे सगळं पुसलं जातं. वीज आल्यावर यंत्र पुन्हा पियानोच्या आवाजात आणि मूळ सुरात सुरू होतं. पखवाज मात्र काळी एकला लावलेला असतो, त्याला बटण नाही. पोरानं घाईत वाजवायला सुरुवात केली की कीबोर्ड एका सुरात, पखवाज दुसऱ्या आणि बुवा मध्ये लोंबकळत! म्हणून वाजवणाऱ्यानं गाणाऱ्याची पट्टी बटणाशिवाय वाजवायला शिकलंच पाहिजे. तात्यांसारख्या माणसाची खरी गरज इथं आहे.

दुसरी, आपोआप बंद होणं. वीज वाचावी म्हणून पुष्कळ मॉडेलं ठरावीक वेळ कुणी पट्टी दाबली नाही तर स्वतःहून बंद होतात. हा वेळ साधारण अर्ध्या तासाचा असतो. कीर्तनात महाराजांचं निरूपण रंगलं की अर्धा तास कुठं जातो कळत नाही. महाराज अभंगाचं चरण उचलतात आणि कीबोर्ड मुका! चालू केला की पुन्हा पियानो आणि मूळ सूर. ही सोय बंद करता येते. काही मॉडेलांत सर्वांत डावीकडची पट्टी दाबून धरून यंत्र चालू करायचं असतं. तुमच्या मॉडेलमध्ये ते कसं करायचं, हे दुकानातच करून घ्या.

तिसरी, वीज. कीबोर्डाला अॅडॅप्टर लागतो. प्रत्येक कंपनीचा व्होल्ट वेगळा असतो, आणि टोकाला धन आत की ऋण आत, हेही मॉडेलप्रमाणं बदलतं. पिन बसली म्हणून दुसऱ्याचा अॅडॅप्टर लावू नका. मोटारीचे फेज उलटे झाले तर ती उलटी फिरते, पण इथं यंत्राचा जीवच जाऊ शकतो. बऱ्याच कीबोर्डांत सेल घालायची सोय असते, पुष्कळदा सहा सेल लागतात. काकड्याच्या वेळी पहाटे वीज नसेल तर सेलवर काम भागतं. पण हंगाम संपला की सेल काढून ठेवा. विसरलात तर सेल पाझरतात आणि आतली पितळी पानं खाऊन टाकतात.

चौथी, आवाज. कीबोर्डाचे स्वतःचे स्पीकर घरातल्या सरावापुरते असतात. मांडवात तो साउंड सिस्टीमलाच जोडावा लागतो. साध्या मॉडेलांत त्यासाठी हेडफोनचंच भोक असतं. त्यात वायर घातली की यंत्राचे आतले स्पीकर बंद होतात आणि वाजवणाऱ्याला स्वतःचं वाजणं नीट ऐकू येत नाही. म्हणून एक लहान स्पीकर वाजवणाऱ्याकडं तोंड करून ठेवायला सांगा. कीबोर्डाचा आवाज निम्म्यावर ठेवून बाकीचा मिक्सरवर वाढवा. यंत्रावरच पूर्ण सोडला तर फाटतो.

आवाजाचा विषय निघालाच आहे म्हणून गावच्या पदाधिकाऱ्यांसाठी एक आठवण. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला रात्री बारापर्यंत सवलत द्यायचा अधिकार राज्य शासनाला आहे, पण तीही वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. पहाटेचा काकडा सहाच्या आत असेल तर तो बिनस्पीकरचाच करावा लागतो. तिथं दुरुस्त केलेली पेटीच कामाला येते.

दुकानात करायच्या तपासण्या

१) जो गावात वाजवणार, त्यालाच बरोबर न्या. त्याच्या बोटांनी वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. गाणारा बरोबर असेल तर उत्तम.

२) डेमोचं बटण आणि दुकानातला मोठा स्पीकर, दोन्ही बंद करून ऐका. यंत्राचा स्वतःचा आवाज कसा आहे ते तेव्हाच कळतं.

३) तुम्हाला लागणारे तीन-चार आवाजच ऐका. भजनाला पेटी, तंबोरा, बासरी. शाळेला पेटी आणि पियानो. यंत्रात पाचशे आवाज आहेत म्हणून पैसे मोजू नका. पाचशे वाणांचं बियाणं घेऊन कुणी पेरत नाही.

४) तुमचा नेहमीचा एक अभंग मंद लयीपासून द्रुत लयीपर्यंत पूर्ण म्हणा. यंत्राचा ठेका लावून एकदा आणि ठेक्याविना एकदा. पखवाज किंवा तबला वाजवणारा माणूस गावात असेल तर ठेक्याच्या सोयीसाठी जादा पैसे घालवण्यात अर्थ नाही.

५) ६१च्या ६१ पट्ट्या एकेक दाबून बघा. मुकी, अडकणारी किंवा आवाज मोठा काढणारी एकही पट्टी नको. पट्टीखाली रबराचा काळा ठिपका असतो, त्यावर धूळ बसली की पट्टी मुकी होते. टेबलावर मांडून ठेवलेलं प्रात्यक्षिकाचं यंत्र घेऊ नका. बंद खोक्यातलं घ्या आणि खोकं तिथंच उघडून पुन्हा वाजवा.

६) चालू यंत्राची पिन उपटा, पुन्हा लावा आणि काय काय पुसलं गेलं ते बघा. दुकानदाराला सांगूनच करा. त्याला राग येणार नाही. आला, तर दुसरं दुकान आहे.

७) सेल घालून वाजवून दाखवायला सांगा. सूर बारीक वर-खाली करायचं ट्युनिंग कुठं असतं तेही शिकून घ्या. जुन्या पेट्यांचा सूर पुष्कळदा यंत्राच्या सुरापेक्षा थोडा चढा किंवा उतरता असतो. दोन्ही एकत्र वाजवायचे तर हे लागतंच.

८) जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल आणि यंत्राचा क्रमांक लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. दुरुस्ती कुठं होते हे आधी विचारा. पडून फुटलं, पाणी गेलं, उंदरानं वायर कुरतडली, तर वॉरंटी सहसा लागू होत नाही.

हिशेब आणि नोंद

वर्गणीचं वाद्य सगळ्यांचं असतं आणि सगळ्यांचं म्हणजे पुष्कळदा कुणाचंच नसतं. एका शाळेत मी कपाटात ठेवलेला कीबोर्ड बघितला. खोकं चांगलं, यंत्र चांगलं, पण अॅडॅप्टर कुणीतरी नेलेला. गुरुजींची बदली झाली आणि नवीन गुरुजींना यंत्र आहे हेच माहीत नव्हतं. वापराविना पडलेलं यंत्र आणि बियाणं मिळूनही न पेरलेलं रान, दोन्ही सारखंच.

म्हणून घेतानाच चार गोष्टी कागदावर आणा. वर्गणीची यादी आणि बिल मंडळाच्या वहीत चिकटवा. शाळेचं असेल तर जडवस्तू नोंदवहीत अॅडॅप्टर, स्टँड आणि पिशवीसकट नोंद करा. ग्रामपंचायतीच्या पैशातून घ्यायचं असेल, तर ते कोणत्या शीर्षाखाली बसतं हे पंचायत समितीत विचारून, ठराव करूनच पुढं जा. आणि यंत्र कुणाच्या ताब्यात राहील, सरावाला कुणाला आणि कधी मिळेल, हे ठरवा. कुलपात ठेवून वाद्य टिकत नाही आणि वाजवणाराही तयार होत नाही.

ठेवायची जागा कोरडी पाहिजे. खताच्या आणि औषधाच्या खोलीत ठेवू नका. खताच्या ओलसर वाफेनं आतलं तांबं गंजतं. उन्हात गाडीच्या काचेमागंही सोडू नका. पुसायला कोरडं मऊ फडकं पुरे, रॉकेल किंवा स्पिरिट लावू नका.

हंगामानंतर काय दिसलं

त्या मंडळाचा एक पूर्ण हंगाम झाला. हेच माझ्या दृष्टीनं परिणाम प्रात्यक्षिक. पहाटेचा काकडा महिनाभर पेटीवरच झाला, वीज असो-नसो. रात्रीच्या भजनाला आणि सप्ताहाला कीबोर्ड लागला. त्यावर पोरगा बहुतेक तंबोऱ्याचा आणि बासरीचा आवाज धरतो आणि पेटीवर तात्या असतात. यंत्राचा ठेका त्यांनी एकदाही लावला नाही, कारण आबा आहेत. कीर्तनात एकदा वीज गेली तेव्हा अर्धा मिनिटही खंड पडला नाही, पेटीनं सूर धरला आणि पोरानं मागनं सेलवर यंत्र चालू केलं.

महत्त्वाची गोष्ट वेगळीच झाली. पोरगा आठवड्यातून तीन संध्याकाळी तात्यांकडं बसतो. आता तो बटण न दाबता काळी एक वाजवतो, काळी दोन शिकतोय. त्याच्याबरोबर आणखी दोन मुली येऊ लागल्या आहेत. तात्यांना चाली किती येतात हे आजवर कुणी मोजलं नव्हतं. पोरीनं वहीत लिहायला घेतल्या, त्या साठच्या पुढं गेल्या आहेत आणि अजून संपलेल्या नाहीत. कीबोर्डात सूर साठवता येतात, ठेके साठवता येतात. पण कुठल्या अभंगाला कुठली चाल, कुठं थांबायचं आणि कुठं बुवांना मोकळं सोडायचं, हे त्याच्या स्मरणात कोणत्याही कंपनीनं घातलेलं नाही.

तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी, सरपंचांनी आणि शाळेच्या गुरुजींनी कीबोर्ड जरूर घ्यावा. पण दुकानात जायच्या आधी गावात जुनी पेटी वाजवणारं कोण आहे, त्याची चौकशी करा. त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवा. आणि दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य एवढंच बोला, “डेमो बंद करा, आमचा माणूस वाजवून बघणार आहे.”

(लेखक पंचायत समितीत विस्तार अधिकारी, कृषी आहेत.)